सेल्फ मारतेय, पण स्टार्ट होत नाहीये!

शनिवार, सकाळचे सव्वासहा. जुलै २०२५चा धो-धो पाऊस. मागच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर हॉस्पिटलची फाइल, डोळ्यात नुकतेच घातलेले थेंब. साडेसातला मोतीबिंदूचं ऑपरेशन. बाबांनी किल्ली फिरवली.

खर्र-खर्र-खर्र-खर्र.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. इंजिन मस्त जोरात फिरतंय, पण पकडत काही नाही. बाबा आजीला "दोनच मिनिटं हं, आई" असं म्हणत राहिले आणि त्या दोन मिनिटांची वीस झाली. तोपर्यंत आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले तीन काका छत्र्या घेऊन हजर. पहिले काका म्हणाले, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धर. दुसरे म्हणाले, चोक ओढ. (गाडीला चोकच नाही, हे त्यांना कोण सांगणार?) तिसरे तर बाह्या सरसावून धक्का मारायला मागे जाऊन उभे. कॅब दोनदा कॅन्सल झाली. शेवटी त्या धक्कावाल्या काकांनीच स्वतःची गाडी काढली आणि आम्ही आठ वाजता हॉस्पिटलला पोचलो. डॉक्टर चांगले म्हणून ऑपरेशन त्याच दिवशी झालं. पण येताना बाबा एक अक्षर बोलले नाहीत.

गाडी २००७ची. छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही. अठरा वर्षं नांदलेली गाडी एकदा रुसली म्हणून तिच्या माहेरचा उद्धार करणं बरं नाही. २०२२मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा बाबांनी फिटनेस, पर्यावरण कर, आरटीओचे हेलपाटे सगळं हौसेने करून तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं होतं. रिटायरमेंटनंतर 'मी सोडतो ना तुम्हाला' हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या शनिवारनंतर ते म्हणायचे बंद झाले.

मग गॅरेज

सोमवारी गाडी टो करून आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे पोचल्यावर पहिल्या सेल्फला स्टार्ट! गॅरेजवाल्याने तरी प्लग बदलले, बॅटरीही बदलली, बिल हातात दिलं. बुधवारी सकाळी पार्किंगमध्ये पुन्हा खर्र-खर्र. या वेळी त्याने स्कॅनर लावला. स्कॅनर गाडीशी बोलेना. निदान झालं: "ईसीएम गेला. जुना टाकला तरी सोळा-सतरा हजार. नवीन विचारूच नका." ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू, कुठल्या सिलिंडरला कधी आणि किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर. दुसऱ्याच दिवशी एक भंगारवाला येऊन गाडीला प्रदक्षिणा घालून गेला. ऑफर पंचवीस हजार. बाबा म्हणाले, "देऊन टाकू. सोमवारी येतो म्हणालाय."

माझ्याकडे शुक्रवार ते रविवार होता आणि मास कम्युनिकेशनची डिग्री. म्हणजे इंजिनातलं शून्य कळतं, पण प्रश्न विचारायला येतात. आणि एक प्रश्न मला सारखा टोचत होता. बॅटरी बदलली, प्लग बदलले, आता मेंदू बदलायचा, पण यातली एक तरी वस्तू खराब आहे हे कुणी तपासून दाखवलं होतं का?

आधी सहाशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल मागवलं, तेच मोबाइलवर गाडीचे एरर कोड दाखवणारं. अ‍ॅप बराच वेळ गोल-गोल फिरलं आणि 'कनेक्ट होत नाही' म्हणालं. झालं, माझीही खात्री पटत आली की मेंदूच गेलाय. रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की आपल्याकडे गाड्यांनी स्कॅनरशी ठरलेल्या भाषेत बोलायची सक्ती, म्हणजे ओबीडी, बीएस-४सोबत आली. ती एप्रिल २०१०मध्ये, पुणे, मुंबई, सोलापूर धरून तेरा शहरांत. आमची गाडी त्याच्या तीन वर्षं आधीची! ती आजच्या डोंगलशी बोलत नाही यात तिचा काय दोष? भाषाच वेगळी.

काकांचे फंडे आणि इंजेक्शनवाली गाडी

ते तीन काका मूर्ख नव्हते हं. त्यांचे उपाय कार्ब्युरेटरवाल्या गाडीसाठी अगदी बरोबर होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोलची पिचकारी उडायची. तिथला पेट्रोलपंपही बहुतेक वेळा इंजिनाच्या फिरण्यावरच चालायचा, वीज लागायचीच नाही. १९९८मध्ये सँट्रो एमपीएफआय इंजिन घेऊन आली, २०००नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि बघता बघता सगळ्यांच्या डिकीवर 'एमपीएफआय'चे स्टिकर झळकले. पंप गेला टाकीच्या आत, विजेवर. इंजेक्टरपर्यंत पेट्रोल पोचतं ते साधारण चाळीस-पंचेचाळीस पीएसआय प्रेशरने. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

आता गंमत बघा. अशा गाडीत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तर बहुतेक ईसीएम समजतात की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय आणि इंजेक्टर बंद करतात. नाकाला पेट्रोलचा भपकारा येत असेल तर हा उपाय सही आहे. येत नसेल तर तुम्ही असलेलं पेट्रोलही तोडताय! आणि धक्का? बॅटरी उतरली असेल तर ठीक. पण सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, मग धक्का मारून वेगळं काय होणार? ठिणगीचा घोळ असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते, ते वेगळंच.

इंजिन फिरतंय पण घेत नाही याचा अर्थ सेल्फची मोटर ठीक आहे आणि बॅटरीतही बऱ्यापैकी दम आहे. (रडत रडत, हळू फिरत असेल तर मात्र आधी बॅटरीच. सेल्फच्या वेळी व्होल्टेज फार पडलं तर ईसीएम काम करत नाही.) एरवीपेक्षा भलतंच हलकं, सुळ्ळकन फिरतंय असं वाटलं तर लगेच थांबा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि अजून सेल्फ मारणं महागात पडेल. हे दोन्ही नसेल, तर उरतं काय? पेट्रोल आणि ठिणगी, आणि त्या दोघांना योग्य वेळी हुकूम देणारे सेन्सर. तुमच्या गाडीत यातलं काय गायब आहे हे बोनेट न उघडताही बरंचसं कळतं, फक्त शांतता हवी. शनिवारी सकाळी तीन काकांच्या गजरात ती कुठून मिळणार?

म्हणून मी शुक्रवारी रात्री साडेअकराला एकटीच पार्किंगमध्ये गेले. किल्ली 'ऑन'वर आणली, सेल्फ मारला नाही. चेक इंजिनचा दिवा लागला. म्हणजे ईसीएमला वीज मिळतेय आणि निदान तो दिवा लावण्याइतका तो जागा आहे. हा दिवा लागलाच नसता तर संशय मेन रिले, फ्यूज आणि ईसीएमवर गेला असता. किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असतं तर इमोबिलायझर. तिथे दुसरी किल्ली लावून बघायची. नंतर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघितला, तो थरथरला. काटा ढिम्म राहिला तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यायचा. इंजिन कुठल्या स्थितीत आहे हेच ईसीएमला कळत नसेल तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर गुमान सुरू होणारी गाडी असेल तर हा सेन्सर आधी तपासून घ्या.

मग पुन्हा किल्ली ऑन, आणि कान मागच्या सीटला लावला. किल्ली ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा आवाज करून लाइनमध्ये प्रेशर भरतो. रोज होतो, आपण एफएमच्या नादात ऐकत नाही. मी पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा काहीच नाही. माझ्या अंगावर काटा आला म्हटलं तर हसाल, पण आला.

तीस रुपयांचा साक्षीदार

पुढचं मात्र मी स्वतः केलं नाही आणि तुम्हीही करू नका. टाकीशी खेळ म्हणजे पेट्रोलची वाफ, लाइनमधलं प्रेशर आणि एखादी ठिणगी. प्लगची वायर हातात धरून करंट बघणारे बहाद्दर पण असतात. तिथे हजारो व्होल्ट असतात, कृपया नको. शनिवारी सकाळी मी नाना पेठेत गेले. तिथे स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या गर्दीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "टो करके लाए तो चालू हो गयी थी ना?" आणि हसले.

रविवारी ते घरी आले. हत्यारं म्हणजे एक पिशवी. आधी फ्यूज बघितला, ठीक. पंपाचा रिले काढून तिथे हॉर्नचा तसाच रिले बसवला. तरी शांतता. मग मागची सीट उचलली, पंपाचा कनेक्टर काढला आणि त्याच्या पिनांना इंडिकेटरचा एक साधा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडला. मीटर का नाही, विचारलं. ते म्हणाले, मीटरला वायरीचा एक केस शिल्लक असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटायला खरा करंट लागतो, तो खोटं बोलत नाही. मग बाबांना म्हणाले, "किल्ली ऑन करा साहेब."

बल्ब लख्ख पेटला. दोन सेकंदांनी विझला.

बाबा इंजिनिअर नाहीत, बँकेत होते. पण त्यांना माझ्या आधी कळलं. "म्हणजे ईसीएमने रिलेला सांगितलं, रिलेने करंट सोडला आणि दोन सेकंदांनी बंदही केला. मग मेंदू शाबूत आहे की!" तीस रुपयांच्या बल्बने सतरा हजारांच्या आरोपीला निर्दोष सोडलं होतं. चाचांनी कनेक्टर परत लावला, खाली वाकून टाकीला रबरी हातोड्याने दोन हलके ठोके दिले. बाबांनी किल्ली फिरवली. ऊंऽऽ. आणि गाडी सुरू!

पंपाच्या मोटरमधले ब्रश झिजले होते. मोटर एखाद्या वाईट जागी थांबली की उठायची नाही, हादरा बसला की उठायची. टो करताना रस्त्यातल्या खड्ड्यांनी जे केलं, त्याचं श्रेय नव्या प्लगांना मिळालं होतं. पुण्याच्या खड्ड्यांनी कुणाचं भलं केल्याचं हे एकमेव उदाहरण असावं. अर्थात ठोका हा उपाय नाही, घरी पोचण्यापुरता जुगाड आहे.

नवीन पंप बसवून साडेतीन हजार झाले. जुना काढला तेव्हा त्याची जाळी काळ्या चिखलाने भरलेली. चाचांनी इंधनाचा काटा बघितला, मग बाबांकडे बघितलं. "कितने का डालते हो?"

बाबा गप्प. आमच्या घरात हे गुपित नाही. बाबा नेहमी दोनशेचं टाकतात. काटा लाल रेघेवर आला की दोनशे, परत आला की परत दोनशे. मी शाळेत होते तेव्हाही आकडा हाच होता, फक्त त्या पैशात येणारं पेट्रोल कमी-कमी होत गेलं. या पंपाला पेट्रोलच गार ठेवतं आणि तेच त्याचं वंगण. टाकी सतत तळाला असेल तर पंप अर्धा उघडा, गरम, आणि तळातला गाळ त्याच्याच तोंडाशी. अठरा वर्षं टिकला हेच खूप, असं चाचांचं मत. बाबांनी साडेतीन हजार मोजून दिले आणि जुना पंप प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी भंगारवाल्याचा फोन बाबांनीच घेतला. गॅरेजवाल्याला मात्र ते काही बोलले नाहीत. तो अजूनही दिवाळीला मिठाई पाठवतो आणि ती आम्ही खातो.

ऑगस्टमध्ये आजीच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख होती. पुन्हा सव्वासहा, पुन्हा पाऊस. बाबांनी किल्ली अर्ध्यावर आणली आणि थांबले. मागून आजी म्हणाली, "आता काय झालं रे? परत बंद पडली का?"

"नाही गं," बाबा म्हणाले, "ऐकतोय."