वजनाचा काटा सगळं सांगत नाही



मागच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "ह्यांना लिव्हरचा कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी चालू आहे. पण वजन टिकून आहे, म्हणजे बरंच ना?"

ताई, इथंच फसायला होतं. या आजारात पोटात पाणी भरतं, पायावर सूज येते. काटा तोच आकडा दाखवतो, पण दंड-मांड्यांचे स्नायू झडत असतात. इम्युनोथेरपी आपल्याच पेशींना कॅन्सरशी लढायला लावते. ती घेणाऱ्यांमध्ये स्नायू घटलेले रुग्ण सरासरी कमी जगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

म्हणून दंड बारीक झाला का, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा. सीटी स्कॅनवरून त्यांना स्नायू मोजता येतात.

पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर ठेवू नका. डाळ, अंडी, दूध मनानं बंद करू नका. किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. उपास नको. झोपण्याआधी थोडं खायला द्या, कारण रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू खातं.

जेवणानं कॅन्सर जात नाही, पण अंगात ताकद राहायला मदत होते. गटात हे वाचून दाखवा.