नाव गावाचे, नफा कोणाचा?

शॅम्पेन ही दारू. तिची तिजारत आम्हाला वर्ज्य. पण त्या नावामागे जो कायदा उभा आहे, तो आमच्या कारागीर बांधवांनी समजून घ्यावा असा आहे.

शॅम्पेन हे मुळात फ्रान्समधील एका प्रांताचे नाव. तेथे द्राक्षे पिकवणारे वेगळे आणि बाटल्या भरून विकणारे पेढीवाले वेगळे. काही पेढीवाले दुसऱ्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे आणीत आणि चिठ्ठी मात्र शॅम्पेनची लावीत. 1910 साली तेथील पीक जवळजवळ बुडाले, तरी पेढ्यांचा माल निघतच राहिला! 1911 मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी वखारी फोडल्या, जाळल्या; सरकारला लष्कर पाठवावे लागले. अखेर 1927 च्या कायद्याने हद्दीचा तंटा मिटला. ठरलेल्या गावांच्या द्राक्षांखेरीज हे नाव लावायचे नाही. 1941 पासून शेतकरी व पेढीवाले एकाच समितीत बसतात, हेक्टरी किती उत्पन्न घ्यायचे तेही दरवर्षी ठरवतात. बहुतेक मळे आजही शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहेत. नावाचा वचक असा की, 1993 मध्ये एका बड्या फ्रेंच कंपनीने अत्तराला ‘शॅम्पेन’ म्हटले, तर पॅरिसच्या न्यायालयाने तेही बंद पाडले.

मात्र मळ्याचा भाव आता हेक्टरी दहा लाख युरोच्या घरात गेला आहे. गावातल्या तरुणाने नवा मळा घ्यावा कसा? 2023 च्या तोडणीला आणलेल्या पन्नासहून अधिक परदेशी मजुरांना घाणेरड्या जागेत कोंबून राबवल्याबद्दल 2025 मध्ये तिघांना शिक्षा झाली. माल कोठला ते चिठ्ठी सांगते. मजुरी किती दिली ते सांगत नाही.

आपल्याकडे असा कायदा 1999 साली झाला, 2003 पासून लागू आहे. त्याखाली 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळाले. पण नोंदणी संस्थेच्या नावे असते. प्रत्येक कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव वेगळे नोंदवले पाहिजे. तरच नकली मालाविरुद्ध त्याला स्वतः दाद मागता येते. ही नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. दुकानात मानांकनाची बातमी फ्रेम करून लावली आणि अर्ज राहिला, तर उपयोग काय?

आणि सतारीचा भोपळा पिकवणारा पंढरपूरकडचा शेतकरी? मानांकनानंतर सतारीचा भाव वाढला, तर त्याला भोपळ्यामागे किती जादा द्यायचे, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते मिरजेच्या सतारकारांनीच बसून ठरवायचे आहे.