चंद्राची भौतिक व कक्षीय वैशिष्ट्ये : दोन महिन्यांचा उलगडा

प्रस्तावना :
चंद्राचा महिना किती दिवसांचा, या प्रश्नाला २७.३ आणि २९.५ अशी दोन उत्तरे दिली जातात व ती दोन्ही बरोबर आहेत. हा भेद स्पष्ट न झाल्यास चंद्रकला, ग्रहणे व पंचांग यांचे आकलन अपुरे राहते. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

भौतिक स्वरूप :
चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किमी, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या पाव भागाहून किंचित अधिक आहे. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या १/८१ इतकेच आहे. त्याची सरासरी घनता ३.३४ ग्रॅम प्रति घनसेंमी (पृथ्वीची ५.५१) असून त्याचा लोहयुक्त गाभा लहान आहे. पृष्ठीय गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने तेथे दाट वातावरण टिकून राहत नाही.

कक्षा व दोन महिने :
चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी अंतरावरून लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतो. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची एक प्रदक्षिणा २७.३२ दिवसांत पूर्ण होते. हा नाक्षत्र मास होय. परंतु तेवढ्या काळात पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्याच्या संदर्भात पूर्वस्थितीस येण्यासाठी चंद्राला आणखी सुमारे सव्वादोन दिवस लागतात. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा हा २९.५३ दिवसांचा काळ म्हणजे सांवासिक मास अथवा चांद्रमास. पंचांगातील २७ नक्षत्रे पहिल्या मासाशी, तर ३० तिथी दुसऱ्याशी निगडित आहेत. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात. सौरवर्षाशी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर अधिक मासाने भरून काढले जाते.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. म्हणून प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला ग्रहण होत नाही.

परिवलन :
चंद्राची एकच बाजू दिसते, यावरून तो स्वतःभोवती फिरत नाही असा समज होतो. वस्तुतः भरती-ओहोटीच्या बलांमुळे त्याचा परिवलनकाळ प्रदक्षिणाकाळाइतकाच झाला आहे. कक्षेतील गती असमान असल्याने व अक्ष किंचित कललेला असल्याने कालांतराने त्याचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग पृथ्वीवरून पाहता येतो. पलीकडची बाजू काळोखी नसते. तेथेही सुमारे पंधरवडाभर दिवस असतो. तिची पहिली छायाचित्रे १९५९ मध्ये ‘लूना-३’ने पाठविली.

समारोप :
एकच गती दोन संदर्भांतून मोजल्यास दोन कालावधी मिळतात. कोणतेही मापन संदर्भसापेक्ष असते, हे विज्ञानाचे मूलभूत सूत्र वर्गात शिकविण्यासाठी चंद्राइतके सहज उपलब्ध उदाहरण क्वचितच आढळेल.