छापील चित्राची चौकट

वार्षिक अंक हाती येताच आपण प्रथम छायाचित्रे पाहतो. मोबाइलच्या पडद्यावर लख्ख दिसणारे वर्गाचे छायाचित्र कागदावर कित्येकदा धूसर उमटते. दोष प्रत्येक वेळी छापखान्याचा नसतो. त्याचे कारण आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

सुरतेच्या मुलांस जॅकार्ड माग नवा नाही. मागावर वेलबुट्टी विणण्यापूर्वी ती चौकटींच्या कागदावर मांडतात. प्रत्येक चौकटीवरून ताण्याचा धागा उचलावयाचा की नाही, हे ठरते. संगणकातील छायाचित्रही अशाच चौकटींचे बनलेले असते. या चौकटीस पिक्सेल म्हणतात. प्रत्येकीत रंगाचे आकडे साठविलेले असतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, त्यात १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ पिक्सेल होते.

चांगल्या छपाईसाठी एका इंचात सुमारे ३०० पिक्सेल असावे लागतात. म्हणजे १२०० गुणिले ९०० पिक्सेलांचे चित्र ४ इंच रुंद व ३ इंच उंच छापता येईल. तेच ८ इंच रुंद केले, तर इंचास १५० पिक्सेलच उरतात. चित्र मोठे होते. तपशील मात्र वाढत नाही. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. जे मुळात टिपलेच नाही, ते त्यास परत आणता येत नाही. याच चित्रात एका रांगेत २० मुले उभी असली, तर प्रत्येकाच्या वाट्यास रुंदीत जेमतेम ६० पिक्सेल येतात.

रंगांचेही तसेच. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंगतो. कागद मात्र निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या मुद्रणालयात रंगागणिक निराळी शिळा वापरीत; आज रंगागणिक निराळा पत्रा असतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग शाईत सहसा तितका उजळ उतरत नाही.

जेपेग पद्धतीत चित्र लहान करताना काही तपशील गाळला जातो. फेरफार करून पुनःपुन्हा साठविल्यास हानी वाढते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने धाडलेले छायाचित्रही बहुधा असेच आक्रसते. म्हणून अंकासाठी मूळ छायाचित्रच 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावे, वा पेनड्राइव्हवर द्यावे. वीस वर्षांनी कोणी हा अंक उघडील, तेव्हा मागच्या रांगेतील सोबत्याचा चेहराही त्यास ओळखता आला पाहिजे.