पॉलिएस्टर टायर-दोरा
पॉलिएस्टर टायर-दोरा : टायर, यंत्रपट्टे, वाहक पट्टे इत्यादींच्या रबरात बळकटीसाठी बसविण्यात येणारा पॉलिएस्टर तंतूंचा पिळदार दोरा. टायरातील हवेचा दाब मुख्यत्वे हा दोराच पेलतो. रबर हवा कोंडून ठेवते व झीज सोसते.

पूर्वी सुती, नंतर रेयॉन व नायलॉन दोरे वापरीत. पॉलिएस्टर तंतू व्हिनफील्ड व डिक्सन यांनी इंग्लंडात १९४१ मध्ये शोधून काढला. टायरांत तो १९६० नंतर रूढ झाला. नायलॉनाचे टायर असलेली मोटार रात्रभर उभी राहिली की, टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होतात व सकाळी गाडी काही अंतर धडधडत चालते. पॉलिएस्टरात हा दोष पुष्कळच कमी असतो. म्हणून मोटारगाड्यांच्या रेडियल टायरांच्या सांगाड्यात त्याचा प्रसार झाला.

कापडासाठीचे पॉलिएस्टर येथे चालत नाही. अधिक लांब रेणुशृंखलांचे बहुवारिक लागते. सूत तापवून ताणतात. प्रत्येक सुताला एका दिशेने पीळ देऊन अशी दोन सुते विरुद्ध दिशेने एकत्र पिळतात. पीळ कमी पडल्यास दोरा वारंवार वाकून लवकर थकतो, जास्त झाल्यास बल घटते.

खरी अडचण चिकटण्याची. रिसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड व लॅटेक्स यांचा विलेप नायलॉनाला पुरतो. पॉलिएस्टराचा पृष्ठभाग मात्र रासायनिक दृष्ट्या उदासीन असल्याने त्यावर आधी आयसोसायनेट वा एपॉक्सी संयुगांचा संस्कार करावा लागतो. तो सदोष असल्यास थर सुटतात, घर्षणाने उष्णता वाढते व धावता टायर फुटू शकतो. शिवाय अतिउष्ण रबरातील ओलावा व अमाइने यांमुळे पॉलिएस्टराच्या शृंखला तुटतात. त्यामुळे जड मालमोटारींच्या टायरांत नायलॉन किंवा पोलादच वापरणे इष्ट ठरले आहे.

मुंबईतील वरळीचा सूत व टायर या दोहोंशी संबंध आहे. सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी (स्थापना १८९७) हिची सुती गिरणी येथे होती. कृत्रिम तंतूंवर संशोधन करणारी सस्मीरा ही संस्था (स्थापना १९५०) येथेच आहे. तूरिन येथील इटालियन कंपनीपासून १९५८ मध्ये मुंबईत निघालेल्या सीएट या टायर-कंपनीचे मुख्यालयही वरळीत आहे. तिचा कारखाना मात्र भांडुपला उभा राहिला. कंपनी १९८२ मध्ये आर. पी. गोयंका समूहाकडे आली.

वाहक पट्ट्यांच्या कापडात बहुधा ताणा पॉलिएस्टरचा व बाणा नायलॉनाचा असतो. ताणा लांबत नसल्याने पट्टा वारंवार आवळावा लागत नाही, तर बाण्यामुळे तो कप्प्यांवर नीट खोलगट बसतो. इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या यंत्रपट्ट्यांतही याच कारणासाठी पॉलिएस्टर दोरा घालतात.