तीन ट्रान्झिस्टर उडाले, मग काकांनी बल्ब लावला

आजीचा जुना टीव्ही बंद पडला. भावाने व्हिडिओ बघून दुरुस्ती केली आणि दर वेळी नवा पार्ट दोन सेकंदांत उडाला. धुळ्याच्या एका गल्लीतल्या दुकानात त्याचं कारण सापडलं...

‘मना टीव्ही नीट व्हई का रे भाऊ?’

आजीने पाचव्यांदा विचारलं आणि माझ्या मामेभावाने पाचव्यांदा ‘आज होतोच आजी’ असं ठोकून दिलं. धुळ्यात मामाच्या हॉलमध्ये मोठा एलईडी आहे, पण त्याचा रिमोट कायम नातवंडांच्या हातात. आजीच्या खोलीतला २१ इंची ट्यूबचा टीव्ही मात्र तिचा एकटीचा. आजोबांनी कापसाच्या पैशातून आणलेला. मागच्या महिन्यात ऐन मालिकेत ‘टक’ असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

भाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. त्याने मागचं झाकण उघडलं, मीटर लावला. लाइन आउटपुटचा डी१५५५ ट्रान्झिस्टर शॉर्ट! नवा आणून बसवला, स्विच दाबला. दोन सेकंद... टक! दुसरा बसवला. टक! तिसराही गेला. चौथा हातात असताना मामाने त्याला थांबवलं आणि टीव्ही रिक्षात घालून ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेला. मी सुट्टीत धुळ्यातच होते, म्हणून सोबत गेले.

आधी हात मागे!

काकांनी आधी ट्रान्झिस्टर बघितलाच नाही. ‘दोघं मागे व्हा’ म्हणाले. प्लग काढलेला होता, तरीही. एक हात पाठीमागे ठेवला. स्क्रू ड्रायव्हरला बांधलेल्या वायरचं एक टोक त्यांनी पिक्चर ट्यूबच्या बाहेरून गेलेल्या जाळीच्या तारेला अडकवलं आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं हळूच सरकवलं. बारीक ‘चट्’ झालं. थोड्या वेळाने पुन्हा तेच केलं, पुन्हा हलकंसं ‘चट्’!

‘परत कुठून आली?’ मी विचारलं.

‘काचेत मुरलेली असते. म्हणून एकदा करून भागत नाही.’

ट्यूबची काच म्हणजे एक मोठा कपॅसिटरच. रंगीत टीव्हीत तिथे २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते बराच काळ टिकू शकतात. त्याहून घातक म्हणजे पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर. घरातले २३० व्होल्ट इथे डीसी होऊन ३०० च्या वर जातात. काकांनी तोही बल्बमधून रिकामा केला. भाऊ गप्प झाला. तीन वेळा त्याने याच बोर्डावर हात घातला होता, आणि व्हिडिओत हे काहीच नव्हतं.

ब्रेक लागला की...

एवढे व्होल्ट येतात कुठून? आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा, १५,६२५. म्हणजे लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर सेकंदाला तितक्या वेळा चालू-बंद होतो. भरधाव एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे फेकली जातात ना? तसंच इथे होतं. करंट अचानक तुटला की कॉइलमध्ये जोराचा झटका तयार होतो. मेकॅनिक ज्याला एलओटी किंवा ईएचटी म्हणतात, तो ट्रान्सफॉर्मर हा झटका वाढवून ट्यूबपर्यंत पोचवतो.

पण झटका किती उंच जावा, याला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे ट्रान्झिस्टरजवळचा एक छोटा कपॅसिटर. तो कमजोर झाला की झटका बेफाम वाढतो. डी१५५५ ची सहनशक्ती १५०० व्होल्टची. त्यापुढे तो मरणारच.

‘जो मेला त्यालाच काय बदलत बसता?’ काका भावाला म्हणाले. ‘मारणारा शोधा ना भो.’

१०० वॅटचा पोलीस

काकांच्या टेबलावर सिरीज बोर्ड होता. साधा होल्डर, त्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब. टीव्हीला मिळणारी वीज या बल्बमधून जाते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि पार्ट वाचतात. भावाने हा बल्ब लावला असता, तर नवा ट्रान्झिस्टर उडायच्या आधीच इशारा मिळाला असता.

काकांनी मेलेला ट्रान्झिस्टर काढला, लाइन सेक्शन वेगळा केला आणि त्याच्या जागी सप्लायवर ६० वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडला. मीटरवर ११० व्होल्ट, अगदी स्थिर. म्हणजे सप्लाय निर्दोष. भिंगातून ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचे टाके तपासले, कुठेही ड्राय सोल्डर नाही. मग तो छोटा कपॅसिटर काढून मीटरला लावला. वरून एकदम धडधाकट! ना फुगलेला, ना जळलेला. पण व्हॅल्यू निम्म्याहून कमी.

तसा कपॅसिटर काकांकडे नव्हता. अंदाजे दुसरा लावायचा नाही. व्हॅल्यू तीच हवी आणि रेटिंग १६०० व्होल्टचं. सोमवारी मी कॉलेजसाठी पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला परतले ती चिठ्ठी घेऊनच. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलच्या कव्हरांमधून वाट काढत फिरले. दोन दुकानदार हसले, ‘ट्यूबचा टीव्ही? अजून आहे?’ तिसऱ्याने काही न बोलता खालचा खण ओढला. धुळीत तोच नंबर!

शिट्टी येते का?

शनिवारी पुन्हा काकांच्या दुकानात. कपॅसिटर बसला, चौथा ट्रान्झिस्टर बसला, सिरीजमध्ये बल्ब. स्विच दाबला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. भावाने श्वास रोखला होता.

‘शिट्टी येते का?’ काकांनी विचारलं.

येत होती. एकदम बारीक, कानात टोचणारी. लाइन सेक्शन चालू झाला की ट्रान्सफॉर्मरमधून हाच १५,६२५ हर्ट्‌झचा आवाज येतो. काकांना तो ऐकू येत नव्हता. वय वाढतं तसे सगळ्यात बारीक आवाज आधी जातात. ‘पूर्वी दारातूनच कळायचं, सेट चालू आहे का ते,’ काका म्हणाले. मग बल्ब काढून डायरेक्ट लावलं. पडद्यासमोर माझ्या हातावरचे केस उभे राहिले आणि चित्र आलं.

निघताना काका भावाला म्हणाले, ‘शनिवारी येत जा. तू ऐक, मी दाखवतो.’

तो जातोय. आणि आजी? तिने रिमोट उशीखाली ठेवलाय.

उघडण्याआधी...
• प्लग काढला म्हणजे टीव्ही सुरक्षित, असं नसतं. रील्ससाठी किंवा प्रोजेक्टसाठी भंगारातला टीव्ही एकट्याने उघडू नका. शिकायचं असेल तर जाणकाराशेजारी बसा.
• पावसाळ्यात ‘चर्रर्र’ आवाज किंवा ट्यूबच्या टोपीजवळ निळी ठिणगी दिसली तर लगेच बंद करा. धूळ आणि ओलाव्यामुळे हाय व्होल्टेज गळत असतं.
• एकच पार्ट दोनदा उडाला तर तिसरा आणू नका. कारण दुसरीकडे आहे.
• टीव्ही टाकायचाच असेल तर ट्यूब फोडू नका. काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा संकलनातच द्या.