जुने चामडी बूट : फेकू नका, ब्लीचिंगमध्येही बुडवू नका

पावसाळा लागला की आमच्या देवळाली प्रवरा-राहुरी भागात घरोघरी चामडी बुटांवर पांढरट-हिरवी बुरशी चढते. ऊसपट्ट्यातील काळी चिकट माती, दमट हवा, आतून न वाळलेले बूट, ही त्याची कारणे. काही जण असे बूट फेकून देतात, तर काही जण ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवतात. दोन्हींत नुकसानच आहे. पण बूट नुसते पुसून पुन्हा घालणेही बरे नव्हे. चिखल्यांची बुरशी बुटांतून एकाच्या पायाची दुसऱ्याच्या पायाला लागते. वापरलेले बूट विकत घेणाऱ्यांनी तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

चामड्याचा स्वभाव

कातडे कमावण्याला उर्दूत दबागत म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक झाडाची साल व हिरडा वापरून, जसे कोल्हापुरी चपलेचे चामडे. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरा क्रोमच्या क्षाराने, जो बहुतेक मऊ बुटांत असतो.

कापडवाल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. सुती कापड ब्लीचिंग बेताने सोसते, पण रेशीम व लोकर त्यात खलास होते. कारण रेशीम व लोकर ही प्रथिने आहेत. चामडेही प्रथिनच. शिवाय त्याचा स्वभाव किंचित आम्ल आहे. म्हणून ब्लीचिंग, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक हे तिन्ही त्याचे शत्रू होत.

कृती

१) बूट घराबाहेर नेऊन नाक-तोंडावर रुमाल बांधावा व कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी. नाड्या व आतले सुटे तळवे काढून वेगळे धुवावेत.

२) ७० टक्के स्पिरिटमध्ये (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) कापड ओलसर करून बूट आतून-बाहेरून पुसावा. शुद्ध स्पिरिटपेक्षा ७० टक्क्यांचे जास्त गुणकारी, कारण त्यातील पाण्यामुळे जंतूंवर जास्त मारा होतो. स्पिरिटने रंग व पॉलिश उतरू शकते, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. चूल, विडी जवळ नको.

३) घामाचे पांढरे डाग असल्यास एक भाग पांढरा व्हिनेगर व दोन भाग पाणी यांनी पुसावे. लगेच साध्या ओल्या कापडाने पुसून घ्यावे.

४) आत जुना कागद कोंबून सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळवावे. ऊन किंवा शेगडी नको. ओले चामडे तापले की आकसते व मग सरळ होत नाही.

५) वाळल्यावर एरंडेलाचे थोडे थेंब कापडावर घेऊन चोळावेत, दुसऱ्या दिवशी पॉलिश करावे. जवसाचे तेल मात्र लावू नये. ते वाळून कडक होते, आणि त्याचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात.

सालीच्या चामड्यावर खिळ्याच्या गंजाने काळे डाग पडतात. हिरड्यात लोखंड मिसळून काळा रंग करण्याची रंगाऱ्याची जुनी रीत आहे, तेच येथे घडते. पातळ लिंबाच्या रसाने डाग फिका होतो.

सावधान

व्हिनेगर आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. फॉर्मेलिन व रॉकेलही घरात वापरू नये. मधुमेह असलेल्यांनी दुसऱ्याचे बूट साफ केले तरी घालू नयेत.

धंद्याची बाजू

साफ केलेला जुना माल विकणाऱ्याने आधी तळवा वाकवून पाहावा. पॉलियुरेथेनचा तळवा काही वर्षांत दमट हवेने भुसभुशीत होतो. तो कोणत्याही तेलाने वाचत नाही, बदलावाच लागतो. शिवलेला तळवा मात्र चांभार नीट बसवून देतो. दुरुस्ती कुठे केली, हे ग्राहकाला दाखवूनच किंमत सांगावी. जुन्या मालाच्या धंद्यात खरे सांगणाऱ्या विक्रेत्याकडेच ग्राहक परत येतो.